योआकिम ट्रियरला भलताच काका चिकटवू नका

नॉर्वेचा दिग्दर्शक योआकिम ट्रियर याच्या 'सेंटिमेंटल व्हॅल्यू' या सिनेमाला २०२५ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं, तेव्हापासून सिनेमावाल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. "घराणेशाही काय फक्त बॉलिवूडमध्येच? हा योआकिम ट्रियर म्हणजे नावाजलेला दिग्दर्शक लार्स फॉन ट्रियरचा पुतण्या, मुळात डॅनिशच. काकाच्या पुण्याईवर आत शिरला आणि 'द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड'मुळे एका रात्रीत मोठा झाला." मला तो चार वेळा आला, त्यात दोनदा चांगल्या जाणकारांकडून. म्हणून हा खटाटोप.

आधी पुतण्याचं बघू. दोघांत नातं आहे, पण लांबचं. प्रत्येक कुलकर्णी काही दुसऱ्या कुलकर्ण्याचा पुतण्या नसतो. त्यात गंमत अशी, की लार्सच्या आईनं १९८९ मध्ये मरणाच्या दारात त्याला सांगितलं, उल्फ ट्रियर तुझे जन्मदाते नव्हेत. आणि 'फॉन' तर त्यानं फिल्म स्कूलमध्ये असताना स्वतःच नावात घुसवलेला. म्हणजे ज्या आडनावावर हा फॉरवर्ड उभा आहे, त्यातलं 'फॉन' हौसेचं आणि 'ट्रियर' रक्ताचं नाही.

डॅनिश? जन्म १९७४ चा, कोपनहेगनचा, हे खरं. पण वाढला नॉर्वेच्या ऑस्लोत, आणि त्याच्या बहुतेक सिनेमांत ऑस्लो हेच गाव आहे. पुढे.

'एका रात्रीत' हे मात्र मला खरंच झोंबलं. पोरवयात हा स्केटबोर्डिंगचा चॅम्पियन. स्केटबोर्डवाल्या दोस्तांचे व्हिडिओ काढता काढता कॅमेरा हातात बसला. मग ब्रिटनच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये शिक्षण, शॉर्ट फिल्म, आणि २००६ मध्ये पहिला सिनेमा 'रिप्राइज'. २०११ मध्ये 'ऑस्लो, ऑगस्ट ३१'. त्यात रेनाते राइन्स्वे नावाची एक नवखी मुलगी जेमतेम दिसते. दहा वर्षांनी तिलाच डोळ्यांपुढे ठेवून ट्रियर आणि त्याचा सहलेखक एस्किल फोग्त यांनी 'वर्स्ट पर्सन' लिहिला, आणि २०२१ मध्ये कानला तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. त्यातला तो प्रसंग आठवा: ती दिव्याचं बटण दाबते, अख्खं शहर थिजतं आणि ती एकटीच पळत सुटते. रस्त्यावरची ती माणसं बहुतांशी खरोखरच न हलता उभी केली होती. हात असा बसायला पहिल्या सिनेमापासून पंधरा वर्षं गेली. रात्र जरा लांबलीच म्हणायची.

राहता राहिली घराणेशाही. इथे मी फॉरवर्डवाल्याला थोडं मोकळं सोडतो, कारण वारसा आहेच. फक्त तो आजोळचा आहे. वडील ध्वनितंत्रज्ञ, आईही माहितीपट करणारी, आणि आईचे वडील एरिक लोकेन हे दिग्दर्शक आणि जॅझ वाजवणारे. महायुद्धात नाझींविरुद्धच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले. त्यांचा पहिला सिनेमा १९६० मध्ये कानच्या स्पर्धेत होता. नातू अगदी लहान असताना, १९८३ मध्ये ते गेले, त्यामुळे शिफारशीचा फोन करायला ते काही उरले नव्हते. १९७२ मध्ये त्यांनी एक सिनेमा असा रचला, की त्याची पाच रिळं कुठल्याही क्रमानं लावावीत. पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन: एकशेवीस सिनेमे एकाच डब्यात. त्याच्या नॉर्वेजियन नावाचा अर्थ आहे, 'हरकत'.