म्हातारीला आता काय बघायचं राहिलंय?

दुकान बंद करून घरी आलो, ताटावर बसलो, पण डोक्यातलं जाईना. म्हणून आधी हे लिहितो. लांबणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

संध्याकाळी ऐन गर्दीत एक ओळखीचे बागायतदार आले. आईचं काचबिंदूचं औषध हवं होतं, रात्री झोपताना एक थेंब घालायचं ते. मी बाटली काढून ठेवली. त्यांनी किंमत वाचली आणि म्हणाले, "अण्णा, ही एक दिवसाआड घातली तर चालंल का? एकच बाटली दोन महिनं जाईल."

म्हटलं, नाही चालणार. उघडल्यावर महिन्याभरात संपवायची असते ती.

"पर घालून तरी काय फरक पडलाय? हाय तेवढंच दिसतंय. आन् ऐंशी वर्साच्या म्हातारीला आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

शेजारी उभे असलेले दोघेतिघे हसले. त्या हसण्याचाच जास्त राग आला.

त्यांच्या शर्टाच्या खिशातून कृषी सेवा केंद्राचं बिल डोकावत होतं. द्राक्षबागांच्या छाटण्या झाल्यात, डाऊनी रोगाच्या धास्तीने सगळ्यांचे फवारणीचे ब्लोअर सुरू आहेत. त्या बिलावर किती आकडा असतो हे तासगाव पट्ट्यातल्या माणसाला मी सांगायला नको. तिथे कुणी विचारतं का, की अर्धंच औषध मारलं तर चालेल का? ढग दिसले की रात्री दोन वाजता ट्रॅक्टर काढतात. आईच्या डोळ्याला मात्र हिशेब. द्राक्षाचा भाव कसा कोसळतो आणि कर्ज कसं उभं राहतं ते मलाही दिसतं, बागायतदार सुखात आहे असं मी म्हणत नाही. पण तरीही.

आणि "हाय तेवढंच दिसतंय" ही तक्रार कशी होऊ शकते? तेवढ्याचसाठी तर ते औषध आहे! काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब मागच्या नसेला सोसवत नाही आणि नस हळूहळू सुकत जाते. गेली ती गेली. ऑपरेशनने येत नाही, लेसरने येत नाही, परदेशात नेलं तरी येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली टिकवायला. म्हणजे ज्या म्हातारीला वर्षभर थेंब घालून "आहे तेवढंच" दिसतंय, तिच्या घरात उपचार यशस्वी झालाय. आणि लेक म्हणतोय, बंद करू का.

बरं, हा आजार दुखत नाही. नजर कडेकडेने जाते, समोरचं बराच काळ स्पष्ट दिसतं. म्हणून म्हातारी तक्त्यावरची अक्षरं वाचून दाखवते आणि घरी येऊन उंबऱ्याला अडखळते, बाजूला ठेवलेला तांब्या लवंडते. घरातले म्हणतात, "धांदरट झालीय." मग एक दिवस मोरीत पडते, खुबा मोडतो, आणि तेव्हा मात्र लाखभर रुपये कुठून तरी उभे राहतात.

माझी आत्या आमच्याकडेच असते. चौऱ्याऐंशीची आहे. तिचे दोन्ही मोतीबिंदू झाले, लेन्सा बसल्या, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. डोळ्यांचं काम झालं म्हणे. आपल्याकडे डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू, तो काढला की माणूस थेट वैकुंठापर्यंत बघायला मोकळा.

दोनेक वर्षांनी ती म्हणायला लागली की स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकलीय. आम्ही बघितलं, सरळ होती. ती ऐकेना. "भिंत खचली असंल रे, सुताराला बोलाव." शेवटी तिनेच परस्पर निरोप धाडला. तो बिचारा ओळंबा घेऊन आला, चौकट वरून खालून तपासली, चहा प्याला आणि म्हणाला, "आत्याबाई, चौकट एक नंबर हाय, तुमचा डोळा दाखवा." लिहून ठेवा, आमच्या आत्याचं पहिलं बरोबर निदान सुताराने केलं.

कारण त्याच्या आधी ज्या डॉक्टरांना दाखवलं होतं त्यांनी बॅटरी मारून सांगितलं होतं, "लेन्स छान आहे. बाकी वयोमानानुसार."

वयोमानानुसार! या एका शब्दाखाली आपण काय काय गाडतो! गुडघा वयोमानानुसार, विसरणं वयोमानानुसार, डोळा वयोमानानुसार. अहो, वयामुळे होतं म्हणजे उपाय नसतो असं कुणी सांगितलं? मोतीबिंदू काय तरुणपणामुळे होतो? तो काढताच ना?

आत्याला डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, आजार होता. मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला, बारीक बघायचा भाग. वयाबरोबर तो झिजतो. आत्याच्या डोळ्यात तो ओल्या प्रकारचा होता, म्हणजे पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात, पडदा उचलला जातो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. पुढे मधोमध काळा डाग येतो. आत्या मला म्हणाली होती, "तुझं कान दिसतात, तोंड दिसत न्हाई." मिरजेच्या रेटिनाच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून बघितलं, स्कॅन काढला. डावा डोळा मधोमध गेलेला होता, तिथे व्रण झाला होता. उजवा हातात होता.

त्यावर इंजेक्शन असतं, डोळ्यात. हो, डोळ्यातच. ऐकूनच माणसं पळतात. थेंबांनी बधिर करतात, आयोडीनने स्वच्छ करतात, क्षणभराचं काम. आत्या बाहेर येऊन म्हणाली, "एवढ्यासाठी तू घाम पुसत हुतास?" पण एकदा देऊन संपत नाही. सुरुवातीला महिन्या-महिन्याने, मग डॉक्टर बघून अंतर वाढवत नेतात. एक इंजेक्शन महाग असतं, एक फार महाग असतं आणि एक त्यामानाने स्वस्त. स्वस्त ते म्हणजे बेवासिझुमॅब. मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध, त्याचे छोटे डोस करून जगभर डोळ्यांसाठी वापरतात. ही चौकशी करायची असते, डॉक्टरांना तोंड उघडून विचारायचं असतं. आपण किंमत ऐकून गाडीत बसतो. कोरड्या प्रकाराला या इंजेक्शनचा उपयोग नाही हेही सांगतो, नाहीतर उद्या सगळे माझ्या काउंटरवर येऊन उभे राहाल.

घरी एका कार्यक्रमात भावकीतल्या एकाने मला बाजूला घेतलं. "म्हातारीच्या डोळ्यात एवढे पैसे कशाला घालतोस? त्यापेक्षा पोराच्या ॲडमिशनला ठेव." मी काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

काय बघायचं राहिलंय, ऐका. हातातली नोट शंभराची की पाचशेची. दारात कोण आलंय, कारण दर वेळी "कोण ते?" विचारायची तिला लाज वाटते. तांदळातला खडा. आपल्या गोळीच्या पाकिटावरचं नाव, म्हणजे बीपीची आणि साखरेची अदलाबदल होणार नाही. पणतीचं, लेकीच्या लेकीच्या मुलीचं तोंड, जे तिने फोनवर फक्त ऐकलंय. माणूस ऐंशीचा झाला म्हणून संडासापर्यंत चाचपडत जायची त्याला हौस असते का?

आता शिबिरांबद्दल. दुपारीच फ्लेक्स बघितला, पुढच्या रविवारी भव्य नेत्रतपासणी, वर सात फोटो, खाली काळे चष्मे वाटप. माझे काही मित्र त्यात आहेत, त्यांनी रागावू नये. शिबिरांनी मोठं काम केलंय, ते नाकारणारा करंटाच म्हणायचा. १९७६ पासून सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम चालू आहे. त्याच वर्षी मदुराईला डॉ. वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर अरविंद हॉस्पिटल सुरू केलं, पुढे १९९२ मध्ये त्यांच्या ऑरोलॅबने लेन्स इथेच बनवून गरिबाच्या आवाक्यात आणली. आपल्याकडे जे.जे.मध्ये डॉ. लहानेंनी किती म्हाताऱ्यांना दृष्टी दिली ते मराठी माणसाला सांगायला नको. आणि २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीतही पन्नाशीपुढच्या अंधत्वात दोन-तृतीयांश वाटा मोतीबिंदूचाच होता. मान्य. सगळं मान्य.

पण मग उरलेल्या एक-तृतीयांशाने कुठे जायचं? बॅटरी मारून मोतीबिंदू "पिकलाय" की नाही एवढंच बघायचं आणि नसेल तर म्हातारीला काळा चष्मा देऊन परत पाठवायचं, याला मी तपासणी म्हणत नाही. (पिकायची वाट बघायची पद्धत कधीच गेली, हेही अजून गावोगाव माहीत नाही.) दाब मोजला? बाहुली मोठी करून नस बघितली? पडदा बघितला? साखर असलेल्या माणसाला वर्षातून एकदा पडदा दाखवायचा असतो, नजर चांगली असली तरी. माझ्या दुकानातून वीस-वीस वर्षं साखरेच्या गोळ्या नेणारी माणसं आहेत ज्यांचा पडदा कुणी एकदाही बघितलेला नाही.

माझ्या धंद्यातल्यांनीही ऐकावं. डोळा लाल झाला की चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब काढून द्यायचे, चार दिवसांत बरं वाटतं, गिऱ्हाईक खूश, मग तो माणूस तेच महिनोन्महिने घालतो. त्यानेच दाब वाढतो, त्यानेच मोतीबिंदू येतो. काचबिंदूचे काही थेंब दम्याच्या माणसाला धोक्याचे असतात, तेही न विचारता दिले जातात. "तू मेडिकलवाला, औषध विकायलाच बसलायस" असं कुणी म्हणणार, म्हणू दे. बसलोय.

परत आत्याकडे येतो, कारण खरं सांगायचं होतं ते हेच.

उपचार चालू असताना ती गप्प गप्प राहायला लागली. संध्याकाळी अंगणाकडे पाठ करून बसायची. एकदा पोरीला म्हणाली, "ती माणसं गेली का बघ." कुठली माणसं? हिरव्या टोप्या घातलेली, बुटकी, रांगेने तुळशीजवळून जाणारी. बोलत नाहीत, बघत नाहीत, नुसती जातात. झालं. भावकीतल्या एका काकूंनी उतारा सांगितला. दुसऱ्यांनी देवऋषी सुचवला. तिसऱ्या, जरा शिकलेल्या, म्हणाल्या की डोकं गेलं, आता घरी ठेवणं अवघड आहे.

पुढच्या तारखेला मिरजेत डॉक्टरांनी इंजेक्शन झाल्यावर सहज विचारलं, "आजी, नसलेली माणसं, नक्षी, जाळी असं काही दिसतं का?" आम्ही काही सांगितलेलं नसताना. आत्याने पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडली. म्हणाली, "येड लागलं म्हणतील म्हणून सांगत नव्हते, साहेब."

वेड नाही. ज्यांची नजर बरीच गेलेली असते अशा चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांना हे होतं. डोळ्याकडून पुरतं चित्र येईना की मेंदू आपणच चित्रं काढतो. शार्ल बॉने नावाच्या स्विस माणसाने १७६० मध्ये आपल्या आजोबांचं असंच होतं ते लिहून ठेवलं, त्याच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. डॉक्टरांनी सांगितलं, माणसं दिसली की दिवा लावा, नजर इकडेतिकडे फिरवा, जातील. आणि भिऊ नका. यासाठी औषध नाही, उतारा तर नाहीच. पण त्या दोन मिनिटांनी आत्या परत माणसांत आली. आता कधी दिसली तर आम्हालाच हाक मारते, "आली बघ माझी वरात!"

हे सांगायला पडद्याचा डॉक्टरच लागला. म्हणून म्हणतो, साध्या तपासणीत समाधान झालं नाही तर पुढे जा. मोठी जागा लांब असते, खर्च असतो, बाहुल्या मोठ्या केल्यावर म्हातारं माणूस एकटं परत येऊ शकत नाही. पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट झाली, छानच, पण सोबत जाणाऱ्याची हजेरी बुडते तिचं काय? शिबिर घेणाऱ्यांनी काळ्या चष्म्याऐवजी एक गाडी आणि सोबतीला एक पोरगा द्यावा. फ्लेक्सवर माझ्या खर्चाने त्यांचे सातच्या सात फोटो लावतो.

तोपर्यंत घरी एवढं करा. आईवडिलांना एक-एक डोळा झाकून, चष्मा लावून, खिडकीच्या गजांकडे बघायला सांगा. गज वाकडे दिसले, मधे तुटले, तर पुढची तारीख वगैरे नको, त्याच आठवड्यात पडद्याचा डॉक्टर गाठा. घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशी उलटलेल्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी दाब आणि नस तपासून घ्या. आणि ते थेंब तुम्ही स्वतः घाला हो. म्हाताऱ्या हातांना बाटली नीट दाबता येत नाही, चार थेंब गालावर जातात, एक पापणीवर, आणि मग बाटली पंधरा दिवसांत संपली म्हणून तुम्ही माझ्याशी भांडता. खालची पापणी ओढा, एकच थेंब, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दोन औषधं असतील तर मधे पाच मिनिटं. दिवसातली पाच मिनिटं आईजवळ बसलात तर बाग वाळत नाही.

त्या बागायतदारांनी शेवटी बाटली नेली का? नेली. उधारीवर. वहीत लिहिलीय.

आणि कमेंटमध्ये कुणी डोळ्यात मध, कांद्याचा रस किंवा गोमूत्र घालायला सांगितलं तर वय, नातं, पक्ष काहीही न बघता ब्लॉक करणार आहे. जेवण गार झालंय, जातो.