‘आमचीच डिस्क लावा’ यात डेटाची काळजी किती?

फोटोवाल्यांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर मिळून एक मजकूर मला तीनदा आला. सारांश असा: घरच्या नॅसमध्ये, म्हणजे राउटरला जोडलेल्या दोन-चार हार्ड डिस्कच्या डब्यात, कंपनीच्याच डिस्क लावायची सक्ती ग्राहकाच्या भल्याची आहे. ती डिस्क कंपनीने स्वतः बनवलेली असते, बाहेरच्या डिस्कने डेटा जातो, बिघाड झाला तर एका फोनमध्ये काम होतं, आणि ज्याला हे पटत नाही त्याने स्वतःच डबा जोडावा.

डिस्क कंपनी स्वतः बनवते, हे पहिलंच खोटं आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क बनवणारे आता जगात तिघेच उरलेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. नॅसवाले त्यांच्याकडूनच माल घेतात, फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, थोडा फेरफार करतात आणि वर आपलं लेबल लावतात. संत्री काटोलची, पेटीवर शिक्का दुकानदाराचा.

बाहेरच्या डिस्कने डेटा जातो म्हणणाऱ्यांनी सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीचं 2025 साल आठवावं. एप्रिलमध्ये कंपनीने जाहीर केलं की त्या वर्षीच्या नव्या प्लस मॉडेलांत आमची किंवा आम्ही मान्य केलेलीच डिस्क चालेल. पण जुन्या डब्यातून काढून आणलेल्या डिस्क मात्र नव्यात चालणार होत्या! म्हणजे तीच डिस्क वापरलेली असेल तर चालते, कोरी असेल तर धोकादायक. जाणकारांनी छोटी स्क्रिप्ट लिहून डब्यातल्या यादीच्या फाईलमध्ये हव्या त्या डिस्कचं नाव घातलं, आणि डब्याने ती निमूट स्वीकारली. ऑक्टोबरमध्ये डीएसएम 7.3, म्हणजे डब्यातल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आली आणि कंपनीने साध्या हार्ड डिस्क आणि साटा एसएसडीवरची ही अट स्वतःच काढून टाकली. एम.2 एसएसडीवरची ठेवली. (एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क; साटा आणि एम.2 हे तिचे प्रकार.) सहा महिन्यांत डिस्क तर काही सुधारल्या नव्हत्या.

शिवाय डबाही कंपनीचा आणि डिस्कही तिचीच, म्हणून डेटा वाचतो असंही नाही. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती नॅसमध्ये दोन्ही एकाच घरचं होतं. 2015 नंतर त्याला अपडेट मिळाले नाहीत, आणि जून 2021 मध्ये इंटरनेटवरून शिरून कोणीतरी जगभरातले असे डबे रिकामे केले.

तरी या मजकुरात एक खरा धागा आहे, तो मान्य करतो. कोणतीही डिस्क नॅसला चालते असं नाही. 2020 मध्ये उघड झालं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red) मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या होत्या आणि कंपनीने ते सांगितलंच नव्हतं. एसएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. त्यामुळे रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा; वरच्या ‘रेड’ नावाशी संबंध नाही) पुन्हा बांधताना अशी डिस्क रखडते, कधी बाहेरच फेकली जाते. म्हणून तपासलेल्या डिस्कची यादी हवीच, पण सल्ला म्हणून. यादीबाहेरची लावली तर पिवळी सूचना दाखवा ना, कोण अडवतंय?

अडवलं की काय होतं, ते मी नागपूरच्या धरमपेठेत पाहिलं. तिथे माझ्या मामेभावाचा, दादाचा, फोटो स्टुडिओ आहे. मे महिना, पारा 45 च्या वर, लग्नांची कामं तुंबलेली. रात्री त्याचा फोन: “अबे, डबा टीं टीं करून राहिला. येतो का?” गेलो तर चारपैकी तिसरा दिवा नारिंगी. रेड 5 होता, म्हणजे एक डिस्क गेली तरी चालतं, दुसरी गेली की सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, तेवढ्याच क्षमतेची, नॅससाठीचीच, एसएमआर नसलेली डिस्क मिळाली. लावली, तर पडद्यावर ‘यादीत नाही’, आणि दुरुस्तीचं बटण फिक्कं. दाबताच येईना. मजकुरातला तो ‘एक फोन’ही केला. पलीकडून उत्तर आलं, “सर, यादीतलीच डिस्क लावा.” ती नागपुरात कोणाकडेच नव्हती. मुंबईहून यायला आठ दिवस लागले. अशा डिस्कची मर्यादा साधारण 60-65 अंशांची, आणि उरलेल्या तीन डिस्क दुपारी 53 दाखवत होत्या. दादाने कूलरचं तोंड डब्याकडे वळवलं, स्वतः घामाघूम बसला आणि रात्र-रात्र जागून लग्नांचे फोल्डर सुट्या डिस्कवर उतरवले. (सुटा बॅकअप आधीच असायला हवा होता. हे त्याला मी दोन वर्षं सांगत होतो. रेड म्हणजे बॅकअप नव्हे.) डेटा वाचला, पण त्या आठ दिवसांतला धोका बर्डीच्या डिस्कमुळे आलेला नव्हता.

राहिला ‘स्वतः जोडा’चा टोमणा. स्वतः नॅस बनवायची ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, मी वापरतो, मला मजा येते. दादाला येत नाही. त्याने डब्याला जास्त पैसे मोजले ते याच कटकटीतून सुटायला.

दिवाळीनंतर तो नवा डबा घ्यायला निघाला, तेव्हा बर्डीची ती न वापरलेली डिस्क पिशवीत घेऊन गेला. दुकानदार मॉडेलांची नावं सांगत होता. दादाने डिस्क काउंटरवर ठेवली. “हे लावून दाखवा भाऊ, मग किंमत सांगा.”