अंगठा मागे ओढू नका, बूट वाकवून बघा

‘पायाचा अंगठा आखडला म्हणजे युरिक ॲसिड वाढलं. डाळी, टोमॅटो बंद. रोज सकाळी अंगठा हाताने मागे ओढून मोकळा करा. मऊ चप्पल घाला. तरी बरं वाटलं नाही तर ऑपरेशनच.’ व्हॉट्सॲपवर हा निरोप जोरात फिरतोय. इथे बोलायचं आहे ते अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजून आखडतो त्याबद्दल; त्यात ओढण्याचा सल्ला तर दुखणं वाढवणाराच आहे.

आधी युरिक ॲसिड. गाऊटचा (युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणाऱ्या संधिवाताचा) झटका बहुधा रात्रीतून येतो. सांधा लाल, गरम, पांघरुणाचा स्पर्शही नको होतो. आठ-पंधरा दिवसांत ओसरतो. झिजलेला सांधा मात्र वर्षानुवर्षं हळूहळू आखडतो. चालताना टाच उचलली की कळ येते, आणि सांध्याच्या वरच्या बाजूला बोट फिरवलं की हाडाचा टणक उंचवटा लागतो. रक्तात युरिक ॲसिड थोडं जास्त निघालं एवढ्याने गाऊट ठरत नाही. (आणि गाऊट असला, तरी डाळी बिचाऱ्या फारशा दोषी नसतात.)

आता ओढणं. निरोगी अंगठा वरच्या दिशेने साधारण 65 ते 75 अंश वळतो. झिजेत वर वाढलेलं हाड मध्येच आडवं येतं; जोर लावला की हाडावर हाड आदळतं आणि सूज वाढते. टाचा उचलून उकिडवं बसलं किंवा सूर्यनमस्कारात पाय मागे नेऊन चवडे टेकवले, तरी तेच होतं. व्यायाम करायचाच तर अंगठा मुळाशी धरून सरळ पुढे हलका ताण द्या, 10 सेकंद, पाच-सहा वेळा. दुखलं की थांबा.

मऊ चप्पल हा सगळ्यात महागात पडणारा मुद्दा. सोल जितका लवचीक, तितका अंगठा प्रत्येक पावलाला वळतो. दुकानातच बूट टाचेला आणि टोकाला धरून वाकवून बघा: चवड्यापाशी दुमडला तर ठेवून द्या. सोल कडक आणि पुढून होडीसारखा वर गेलेला (रॉकर) हवा, टाच बुटकी, आणि पुढे उंचवट्याला घासणार नाही इतकी उंची. आहे त्या बुटात कार्बन फायबरची पूर्ण लांबीची पातळ पट्टी इनसोलखाली घालता येते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या 100 जणांच्या चाचणीत अशा कडक पट्टीने 12 आठवड्यांत खोट्या पट्टीपेक्षा दुखणं जास्त कमी झालं. पहिल्या दिवशी तासभरच वापरा, मग रोज थोडं वाढवा. चूक होते ती इथे: पट्टी घट्ट बुटात कोंबली की पाय वर उचलला जातो आणि उंचवटा बुटाला घासतो. मधुमेहाने तळवे बधिर असतील तर डॉक्टरांना विचारूनच घाला आणि रोज रात्री फोड बघा.

राहिलं ऑपरेशन. 2002 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, आखडलेल्या अंगठ्याच्या 772 रुग्णांच्या आढाव्यात 55 टक्क्यांचं काम ऑपरेशनाशिवाय भागलं. त्यातल्या बहुतेकांना बुटातले आधार दिले होते. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे ते महिने आराम देतं, तेही झीज कमी असताना जास्त. हायलुरॉनिक ॲसिडच्या महागड्या इंजेक्शनावर मात्र पैसे घालू नका: 2011 च्या चाचणीत ते मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनापेक्षा सरस ठरलं नाही.