खुलासा : सायलेन्सर काढून सरळ पाइप लावण्याबाबतचा मेसेज

"डिझेल ट्रकचा सायलेन्सर काढून सरळ पाइप टाका, ॲव्हरेज वाढतो, ट्रकला हे चालतं" असा मेसेज ट्रकमालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

त्यात खरं एवढंच की सायलेन्सर काजळीने तुंबला तर गाडीची ओढ कमी होते. मग तुंबलेला बदलून घ्या. चांगला असेल तर काढून फारसं काही हाती लागत नाही, कारण कंपनीने त्याचा अडथळा धरूनच इंजिनचं सेटिंग केलेलं असतं. काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर, इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) आणि टर्बोचा होज (इंजिनला दाबाची हवा नेणारा पाइप) तपासा.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराबाबतचे कडक सरकारी निकष) गाड्यांत तर धोका मोठा. आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो, त्याच डब्यात बऱ्याचदा युरियाने धूर साफ करणारी यंत्रणा असते. तो कापला की सेन्सरला कळतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि पुढे इंजिनची ताकद आपोआप कमी केली जाते. भरलेली गाडी घाटात असताना हे झालं तर?

केंद्रीय मोटार वाहन नियम १२० प्रमाणे सायलेन्सर सक्तीचा आहे, ट्रकलासुद्धा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय चालवणाऱ्याचं लायसन्स तीन महिने जातं. पाइप मालक लावतो, पोट ड्रायव्हरचं मारलं जातं. हे मला फार खटकतं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.