शनीची बहीण

शनिवारी तेल वाहायला आपण रांगेत उभे राहतो. त्याच शनीची सख्खी बहीण आपल्या खान्देशातून वाहते, हे मात्र मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणजे आपली तापीमाय.

पुराणात तिचं नाव तपती. बाप सूर्य, आई छाया. सूर्याची पहिली बायको संज्ञा, तिला त्याचं तेज सोसवेना, म्हणून ती हुबेहूब आपल्यासारखी छाया घरात ठेवून निघून गेली. यम, यमुना आणि वैवस्वत मनू ही संज्ञेची लेकरं. सावर्णी मनू, शनी आणि तपती छायेची. भाऊबीजेला यम-यमुनेची गोष्ट घरोघर निघते. या दुसऱ्या भावाबहिणीचं नावही निघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिची खरी गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात आहे. चित्ररथ गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' म्हणून हाक मारतो. अर्जुन बुचकळ्यात पडतो, आम्ही तर कौंतेय, हे तापत्य कुठलं? मग गंधर्व सांगतो. राजा संवरण शिकारीला गेला, घोडा मेला, डोंगरात पायी भटकताना त्याला तपती दिसली आणि तो भान हरपला. तिचंही मन त्याच्यावर जडलं होतं. तसं तिने स्पष्ट सांगितलं, पण मागणी बापाकडे घाल म्हणाली. शेवटी वसिष्ठ सूर्याकडे गेले आणि तिला घेऊन आले. लग्नानंतर दोघं बारा वर्षं त्याच डोंगरात रमली. तिकडे राज्यात बारा वर्षं पावसाचा थेंब नाही, माणसं अन्नाला महाग झाली. वसिष्ठांनी दोघांना राजधानीत परत आणलं, तेव्हा पाऊस पडला. त्यांचा मुलगा कुरू. कुरुक्षेत्राला नाव त्याचं, कौरवांनाही त्याचंच. म्हणजे त्या रणात दोन्ही बाजूंनी तपतीचीच लेकरं उभी होती!

इतकी मोठी ही बाई, आणि आपण तिला भूगोलाच्या पुस्तकात 'पश्चिमवाहिनी नदी, लांबी ७२४ किलोमीटर' एवढ्यावर उरकतो. शनीच्या साडेसातीची भीती आपण लेकरांना आयती देतो, त्याच्या बहिणीची माया का देत नाही? माझी आजी भुसावळच्या पुलावर गाडी आली की हात जोडायची. तिला संवरण ठाऊक नव्हता, कुरूही नाही. माय एवढंच ठाऊक होतं.

आषाढ शुद्ध सप्तमीला तापी जयंती असते. उगमाशी, मुलताईला, त्या दिवशी मोठा उत्सव होतो. यंदा मी लेकीला घेऊन चांगदेवला जाणार आहे, पूर्णा नदी तापीला मिळते तिथे. काठावर बसून लेकीला तपतीची गोष्ट सांगेन, पहिल्यापासून.