‘अंतर वाढवा आणि पळा’ या सल्ल्यावरील आक्षेपाला उत्तर

आदरणीय महोदय,

चाकू घेऊन अगदी अंगाजवळ आलेल्या हल्लेखोरापासून बचाव कसा करावा, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि कळकळीने लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. आपले मुख्य आक्षेप दोन आहेत. ज्या बडोद्यात जुम्मादादा आणि प्रा. माणिकराव या व्यायामगुरूंची परंपरा आहे, तिथल्या वस्तादाने ‘पाकीट फेका, अंतर वाढवा आणि पळा’ असे शिकवणे हा बिनोटच्या, म्हणजे शस्त्रधारी हल्लेखोराला तोंड देण्याच्या पारंपरिक विद्येचा अपमान आहे, हा पहिला. कायदा सज्जनाचेच हात बांधतो, त्या धास्तीपोटी मी असे लिहितो, हा दुसरा. दोन्हींना उत्तर देण्याआधी आपली एक दुरुस्ती मान्य करतो. ‘रिकाम्या हाताने चाकूपुढे काहीही करता येत नाही’ हे माझे वाक्य चुकीचे होते. करता येते, काय आणि केव्हा, ते खाली लिहितो.

कायद्याविषयीची आपली समजूत बरोबर नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा अधिकार कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी असा हल्ला झाला, तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम ३८ बचाव करणाऱ्याच्या पाठीशी उभे राहते. मर्यादा आहेत. गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि भीती संपली की अधिकारही संपतो. म्हणजे चाकू हिसकावून घेतल्यावर पाठमोऱ्या पळणाऱ्या माणसावर वार केला, तर तो बचाव नव्हे. मात्र जीव धोक्यात असलेल्या माणसाने प्रत्येक फटका तराजूत तोलून मारावा, अशी अपेक्षा आपली न्यायालये ठेवत नाहीत. तेव्हा माझा सल्ला कायद्याच्या भीतीतून आलेला नाही.

तो गेरूतून आला आहे, आणि एका मुलाच्या दोन बोटांतून.

आखाड्यात जंबियाचा, म्हणजे वाकड्या पात्याच्या कट्यारीचा, सराव कसा चालतो, हे आपण जाणताच. समोरचा सलामी देतो, पवित्रा घेतो, हत्यार दोघांनाही दिसत असते. तो ठरलेला वार करतो आणि आपला पेच पूर्ण होईपर्यंत त्याचा हात तिथेच थांबतो. शिकण्यासाठी ही रीत योग्यच आहे, दुसरी रीत नाही. काही वर्षांपूर्वी एका रविवारी मी मुलांना पांढरे सदरे घालून यायला सांगितले आणि लाकडी जंबियाच्या टोकाला व धारेला ओल्या गेरूचा लेप दिला. हल्ला करणाऱ्याला एवढेच बजावले, की डाव्या हाताने सदऱ्याची कॉलर धर, एका वारावर थांबू नकोस, हात मागे खेच आणि पुन्हा घाल. वेळ पाच सेकंद. बचावाला उभा राहिलेला मुलगा चार वर्षे नियमित येणारा होता. पहिला वार त्याने इतका सुरेख अडवला, की भोवतालच्या मुलांनी ‘वाहवा’ म्हटले. पाच सेकंदांनंतर सदरा उन्हात धरून आम्ही डाग मोजले. ते नऊ होते: तीन पुढच्या हातावर, चार पोटावर, एक काखेखाली आणि एक मानेच्या बाजूला. मुलाचे म्हणणे होते, की त्याला दोनच लागले.

हे शेवटचे वाक्य मला त्या नऊ डागांपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. प्रत्यक्ष हल्ल्यातून वाचलेली अनेक माणसे हेच सांगतात, की बुक्का बसला असे वाटले, चाकू होता हे नंतर रक्त पाहून कळले. जो खरोखर भोसकायला येतो तो सहसा हत्यार दाखवत नाही. ते मांडीमागे किंवा बाहीत असते. जो दाखवतो त्याला बहुधा वस्तू हवी असते, आणि अशा वेळी पाकीट एका दिशेला फेकून दुसऱ्या दिशेला निघून जाणे यात मला कमीपणा दिसत नाही.

अंतराविषयी आपण ‘दहा पावले लांब असलेल्या माणसाला कसली भीती’ असे लिहिले आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये आपल्या चाचण्यांवरून दाखवले, की सुरी घेतलेला साधा माणूस २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि म्यानातले पिस्तूल काढून झाडायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. पुढे लोकांनी त्या २१ फुटांचा नियम करून टाकला, जो ट्युलर यांनी केला नव्हता. पण त्यातला बोध खोटा ठरत नाही. पिस्तूलधारी शिपायाला जिथे वेळ पुरत नाही, तिथे रिकाम्या हाताच्या माणसाला किती अंतर पुरेल? आणि आपल्या शहरातल्या मांडवीच्या आसपासच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांमध्ये, २१ फूट रुंदीच मिळत नाही. म्हणून मधे उभी असलेली अ‍ॅक्टिव्हा, भाजीची लारी (हातगाडी), एखादे लोखंडी दार, जे हाताशी असेल ते दोघांच्या मधे आणावे, असे मी लिहिले. मोठ्याने ओरडावे, हेही त्यातच आले.

आता ज्याच्या दोन बोटांचा वर उल्लेख केला, त्या मुलाविषयी. तो माझाच विद्यार्थी होता. मोबाइल हिसकावणाऱ्याने चाकू काढला तेव्हा रस्ता मागे मोकळा होता, परंतु त्याने मी शिकवलेला मनगट मुरगळण्याचा पेच केला. पेच चुकला नाही. समोरच्याने हात नुसता मागे खेचला आणि पाते याच्या मुठीतून सरकले. अनामिका आणि करंगळी मिटवणारे स्नायुबंध तुटले. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने व्यायाम झाले, तरीही तो आज चहाचा कप तीन बोटांनी उचलतो. पेच कसा करायचा हे मी त्याला शिकवले होते, कधी करायचा नाही हे शिकवले नव्हते. ही चूक माझी आहे, आणि तो लेख मी त्या चुकीसाठीच लिहिला.

मग कोंडीत सापडलेल्या माणसाने काय करावे? भिंत पाठीशी असेल, लहान मूल सोबत असेल, किंवा हल्लेखोराने आधीच धरले असेल, तर पळण्याचा सल्ला निरुपयोगी आहे, आणि इथे आपली बाजू खरी आहे. हात वर आणताना तळवे स्वतःकडे वळवावेत, म्हणजे मनगटाच्या आतल्या शिरा पात्यासमोर येत नाहीत. पाते पकडायचा प्रयत्न करू नये. चाकूचा हात, फक्त तोच हात, आपल्या दोन्ही हातांनी मनगटाच्या वर आणि कोपरापाशी घट्ट धरावा, छातीशी दाबावा आणि सगळे वजन घालून त्याला भिंतीवर किंवा जमिनीवर रेटावे. डोके, गुडघा, जे लागेल ते वापरावे. हत्यार गळून पडले किंवा पकड सुटली, की तत्क्षणी निघावे. कुस्ती खेळलेल्या मुलांना हे पेच पाठ करणाऱ्यांपेक्षा लवकर साधते, असे मी पाहिले आहे, कारण विरोध करणारा हात धरून ठेवणे हे त्यांचे रोजचेच काम असते. यातही कापले जाणारच. सुटल्यावर कपड्यांखाली हात फिरवून सगळे अंग तपासावे, रक्त वाहत असेल तिथे कापड घट्ट दाबून धरावे आणि ११२ किंवा १०८ ला फोन करावा.

‘मग मुलांना बिनोट शिकवायचेच नाही काय?’ असे आपण शेवटी विचारले आहे. शिकवायचे, आणि मी शिकवतो. पुढे योगसंशोधक स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेलेले जगन्नाथ गुणे याच शहरात माणिकरावांकडे १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे राबले. या विद्येचे माप असे वर्षांत आहे, आणि माझी तक्रार दोन दिवसांच्या शिबिरात ‘पाच खात्रीचे पेच’ देणाऱ्यांविषयी आहे. माझ्याकडे आता क्रम बदलला आहे. पहिले तीन महिने धावणे, अंतर ओळखणे आणि दोन हातांनी एक हात धरून ठेवणे. जंबिया त्यानंतर हातात येतो, आणि दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी गेरू असतो. आपण बडोद्यातच राहता असे लिहिले आहे, तेव्हा या रविवारी सकाळी साडेसहाला अवश्य यावे. सदरा पांढरा असावा.