सशाचा आवाज वाजवून कोकरं वाचत नाहीत

कायोटी म्हणजे उत्तर अमेरिकेतला, लांडग्याहून लहान असा कोल्ह्यासारखा रानटी प्राणी. अमेरिकेच्या ग्रामीण भागात त्याच्याबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तिकडे जमीन घेऊन शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या आपल्या लोकांकडूनही तो माझ्याकडे आला. थोडक्यात तो असा: "कायोटी बेसुमार वाढलेत. थंडीत रानात बसा, जखमी सशाचा आवाज वाजवा, येईल तो टिपा. जितके माराल तितकी कोकरं वाचतील, हरणंही वाढतील. नाहीतर एक दिवस हेच कायोटी ओरडून ओरडून तुमच्या कुत्र्याला भुलवून नेतील." माझा शिकारीला सरसकट विरोध नाही. पण या सल्ल्यावर विसंबून माणसं निर्धास्त होतात आणि वसंतात कोकरं गमावतात, म्हणून हे लिहितोय.

आधी "बेसुमार". हा अंदाज बहुधा रात्रीच्या कोल्हेकुईवरून बांधलेला असतो. दोन-तीन कायोटी सूर इतक्या झपाट्याने बदलतात की ऐकणाऱ्याला दहा-बारांची टोळी वाटते. म्हणून कानाने केलेली मोजणी खरी धरायची नसते. त्यांचा मुलूख वाढला हे मात्र खरं. एकेकाळी मुख्यतः पश्चिमेच्या गवताळ प्रदेशात राहणारा हा प्राणी आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. पण हा पसारा कोणत्या काळात झाला ते बघा. 1931 च्या कायद्याने सरकारच्याच शिकारी प्राणी मारण्याच्या मोहिमेला बळ दिलं, आणि 1972 साली अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवरचे विषप्रयोग थांबवेपर्यंत विष, सापळे, बंदुका सगळं जोरात चाललं. त्याच काळात कायोटी पूर्वेकडे पसरले, कारण त्यांना दाबून ठेवणारे लांडगे माणसाने आधीच संपवले होते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 ला लांडगे परत आणले, तेव्हा तिथल्या लामार खोऱ्यातले कायोटी काही वर्षांत निम्म्यावर आले.

"जितके माराल तितके कमी" हेही सरळ नाही. टेक्सासमधला 1972 चा अभ्यास बघा: जिथे फारसं मारत नव्हते तिथे मादीला एका वेताला सरासरी 4.3 पिल्लं, आणि जिथे कसून मारत होते तिथे 6.9. गर्दी कमी झाली की खाणं मुबलक होतं, एक वर्षाच्या माद्याही विऊ लागतात, पिल्लं जास्त जगतात. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 1975 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, दरवर्षी शंभरातले पंचाहत्तर मारले तरी कायोटी संपायला सुमारे पन्नास वर्षं लागतील. सरकारी खातं आजही बहुतेक वर्षी साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतं. उलट बाजूचे लोक "एक मारला की दोन होतात" असं म्हणतात, तीही अतिशयोक्तीच. मारल्याने ते आपोआप वाढत नाहीत, पण झालेली तूट लवकर भरून काढतात.

आता मुख्य मुद्दा, ज्याकडे त्या मजकुरात पूर्ण काणाडोळा केलाय: आवाजाला येतो कोण? शिकारी वाऱ्याचा अंदाज घेऊन झुडपाआड बसतो, आवाजाचा डबा स्वतःपासून काही अंतरावर ठेवतो आणि सशाची किंकाळी सोडतो. कायोटी थेट चाल करून येत नाही. तो वळसा घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, नाक वर करून वास काढतो आणि त्या फेरीत उघड्यावर येतो. तिथे गोळी बसते. यात सापडतात ती बरीचशी त्याच वर्षाची, घरातून बाहेर पडलेली, भुकेली, रानाची माहिती नसलेली पोरं. त्यातली कितीतरी हिवाळ्यात तशीही मरणार असतात. एकदा गोळी चुकवून पळालेला जाणता कायोटी त्या आवाजाला सहसा पुन्हा भुलत नाही.

आणि मेंढ्या कोण मारतं? उत्तर कॅलिफोर्नियातल्या हॉपलँडच्या मेंढीकेंद्रात गळपट्टे बांधून कायोटींचा माग काढला गेला. कोकरं मारणारे बहुतांश तिथलीच, हद्द धरून बसलेली विणीची जोडपी निघाली. पिल्लांची पोटं भरायची असतात म्हणून ती मोठी शिकार धरतात. युटामध्ये अशा काही जोडप्यांची नसबंदी केली. हद्द त्यांनी राखलीच, मेंढ्या मात्र कमी मारल्या. म्हणजे थंडीत माळावर असे दहा कोवळे कायोटी टिपूनही कुंपणालगतची जोडी शाबूत राहिली, तर चैत्र-वैशाखात कोकरं जाणारच. त्याहून वाईट म्हणजे मेंढीला तोंड न लावणारी जोडी तुम्ही मारलीत, तर तिच्या रिकाम्या जागेवर कोण येईल ते तुमच्या हातात नसतं.

हरणांचं थोडक्यात सांगतो. साउथ कॅरोलायनात तीन वर्षं कायोटी हटवून पाडसं मोजली. पहिल्या वर्षी जास्त जगली, दुसऱ्या वर्षी पुन्हा पूर्वीइतकीच कमी. एवढा खर्च करून एवढं बेभरवशाचं फळ.

कुत्र्याला भुलवण्याची गोष्ट तर निव्वळ गैरसमज आहे. कुत्रा स्वतःहून कायोटीच्या मागे धावतो, कायोटी आपल्या बिळाच्या बाजूला पळतो, तिथे जोडीदार असतो आणि कुत्रा फाडला जातो. वसंतात पिल्लं असताना ते जवळ आलेल्या कुत्र्याला हुसकावतात, हेही खरं. यात कट कुठलाच नाही. त्या महिन्यांत कुत्रा मोकळा सोडू नका.

मारणं कधीच उपयोगी पडत नाही असं मी म्हणणार नाही. युटा-आयडाहोच्या डोंगरी कुरणांत, मेंढ्या वर जाण्याच्या आधीच्या हिवाळ्यात विमानातून मारलेल्या भागात कोकरांचं नुकसान घटलं होतं. पण ते ठरावीक जागी, ठरावीक वेळी केलेलं काम होतं. रोजचा आधार राखणीच्या कुत्र्यांचा, रात्रीच्या कोंडवाड्याचा आणि आडोशाला वीण करण्याचा. आपल्या धनगरांच्या वाड्याभोवती रात्री जाळी आणि कुत्री असतात, त्यामागे हाच विचार आहे. तिकडे ग्रेट पिरनीज किंवा अनातोलियन कुत्रे पिल्लू असल्यापासून मेंढ्यांत वाढवतात.

मेंढी मेलेली सापडली तर बंदूक उचलण्याआधी तिच्या गळ्याखालचं कातडं सोलून बघा. जबड्याच्या मागे सुळ्यांची भोकं आणि त्याभोवती साकळलेलं रक्त असेल, तर जिवंत असताना गळा धरलाय आणि बहुधा तो कायोटीच आहे. रक्त साकळलेलं नसेल, तर ती आधीच मेली होती आणि कायोटी फक्त खायला आला होता. कान, मागच्या मांड्या जागोजागी फाटलेल्या असतील, तर शेजारपाजारची कुत्री आधी तपासा. कायोटीच ठरला, तर त्याच कुरणाच्या आसपास, त्याच जोडीच्या मागावर काउंटीचा (तिथल्या जिल्ह्याचा) सापळेवाला लावा, आणि तोवर कोकरं रात्री आत घ्या.